चित्र फिरलं की येणारा आवाज

मी साच्यांची डिझाइनं करतो. लोखंडी पत्र्याला दाबून आकार देणारे जे साचे कारखान्यात लागतात, त्यांची चित्रं कॉम्प्युटरवर काढून देणं हा माझा धंदा. त्याआधी सतरा वर्षं वाळूजला एका प्रेस शॉपमध्ये होतो. तिथं हेच साचे उचलून प्रेसवर चढवायचो. कंबर धरायला लागली तोवर कॉम्प्युटरवरचं काम शिकून झालं होतं, म्हणून नोकरी सोडली आणि घरीच टेबल मांडलं. क्रांती चौकापासून पाच मिनिटांवर आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला माझा कॉम्प्युटर, समोरच्या भिंतीला बायकोचं शिलाई मशीन. ती ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दिवसभर आम्ही एकमेकांकडं पाठ करून बसतो आणि आमचं बरं चाललेलं असतं.

गेल्या मार्चमध्ये मी कॉम्प्युटरमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं. गिऱ्हाइकांना आता सपाट चित्र पुरत नाही. साचा पडद्यावर उभा करून, चारी बाजूंनी फिरवून, आतला प्रत्येक खिळा दाखवावा लागतो. जुन्या कार्डावर मोठा साचा फिरवायला घेतला की पडदा गोठायचा आणि मी चहा पिऊन यायचो. नवीन कार्ड लांबलचक होतं, दोन पंख्यांचं. मीच झाकण उघडून बसवलं, वीज देणाऱ्या वायरी जोडल्या, आणि पहिला साचा लोण्यासारखा फिरला. मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिनं सुईत दोरा ओवता ओवता पाहिलं, "छान आहे," म्हणाली, आणि लगेच विचारलं, "हे किंचाळतंय काय?"

"काय किंचाळतंय?"

"हे. बारीक आवाज येतोय. कानात सुई घातल्यासारखा."

मला पंख्याची घरघर येत होती, दुसरं काही नाही. "नवीन आहे, पंखे मोठे आहेत, सवय होईल," असं म्हणून मी कामाला लागलो.

दोन दिवसांनी तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला. मला वाटलं, कार्ड घेताना तिला विचारलं नाही, त्याचा राग ती असा काढतेय. मी तसं बोलूनही दाखवलं. ती मशीनवरून उठली नाही, पाय थांबवले फक्त. म्हणाली, "रागाचा प्रश्न नाही. तुम्ही ते चित्र फिरवलं की आवाज सुरू होतो. थांबवलं की थांबतो. मी पाठ करून बसलेली असते, तरी मला कळतं तुम्ही कधी फिरवताय."

हे मला खोटं वाटलं. मी म्हटलं, "बरं, बघू." तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि सांगितलं, की आवाज सुरू झाला की बोट वर करायचं, थांबला की खाली. मी माऊस हातात घेतला. फिरवलं, तिचं बोट वर. थांबवलं, खाली. मुद्दाम बराच वेळ थांबलो, बोट हललं नाही. अगदी थोडंसं फिरवलं, बोट वर जाऊन खाली आलं. अशी मी पंधरा-वीस वेळा परीक्षा घेतली. तिची एकदाही चूक झाली नाही.

शेवटी ती मागं वळून बघायला लागली तेव्हा मी पटकन म्हटलं, "हां, येतोय खरा. बारीक आहे." खरं तर मला काहीच आलं नव्हतं. तसं का म्हटलं, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

आवाज आहे, हे मान्य केल्यावर तो घालवणं भाग होतं. यंत्राचा बिघाड शोधायची मला सवय आहे, एकेक गोष्ट बाजूला काढत जायची. आधी पंख्यांवर संशय घेतला. कार्डाचा पंखा क्षणभर बोटानं थोपवून धरला. "येतोय," ती म्हणाली. वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. "येतोय." इन्व्हर्टरची भानगड असेल म्हणून तो पूर्ण बंद करून थेट लाइनवर चालवून पाहिलं. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या प्लगवरून लांब वायर आणली. दर वेळी मी तिच्या तोंडाकडं बघायचो आणि ती मान हलवायची. मी हत्यारं धरणारा आणि ती मीटर, असं आमचं चाललं होतं. पडद्यावर चित्र किती वेगानं फिरावं यालाही एक मर्यादा घालता येते, ती घातली. तेव्हा ती म्हणाली, "आता कमी झाला. पण आहे." मला त्यातलं कमीही कळलं नाही आणि जास्तही.

मग मी कॉम्प्युटरचा डबा उचलून चौकातल्या दुकानात नेला. तिथं एसी, रस्त्यावरचे हॉर्न, चार कॉम्प्युटर एकाच वेळी चालू. दुकानदारानं दोन मिनिटं कान लावला आणि म्हणाला, "सगळ्याच कार्डांना थोडा असतो साहेब. हेडफोन लावून काम करा." मला ते ऐकून बरं वाटलं. घरी येऊन तिला तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर मशीन जागेवर नव्हतं. तिनं ते एकटीनं ओढत गॅलरीत नेलं होतं. आमची गॅलरी म्हणजे एक खुर्ची आणि एक कुंडी मावेल एवढी, वरती पत्रा. तिथं ती बसली. खरं सांगतो, मला त्यात सोयच वाटली. कटकट मिटली, असं मनात आलं. एप्रिल लागला. दुपारी पत्रा तापायचा. ती ओला पंचा डोक्यावर घेऊन शिवायची. एका दुपारी एक बाई ब्लाउज घ्यायला आली आणि दारातून मला म्हणाली, "भाऊ, वहिनींना एवढ्या उन्हात का बसवलंय?" मी चित्र फिरवत होतो. उठून गॅलरीत गेलो. तिची पाठ घामानं भिजली होती. शिवणीवर घामाचा थेंब पडू नये म्हणून ती मान एका बाजूला वाकवून शिवत होती. बहुधा कितीतरी दिवस तशीच शिवत असावी.

मी म्हटलं, "चल, शहागंजला जाऊ. आत्ताच."

शहागंजात एक चाचा आहेत. एके काळी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, जे येईल ते. सत्तरीकडं झुकलेले, दाढी पांढरी, चष्म्याला दोरी बांधलेली. प्रेस शॉपमध्ये होतो तेव्हा आमचा टीव्ही त्यांनीच दोनदा जिवंत केला होता. मी स्कूटर काढली. डबा चादरीत गुंडाळून बायकोच्या मांडीवर दिला. बाजाराच्या गर्दीतून जाताना ती दोन्ही हातांनी डबा धरून होती, आणि मला धरायला तिच्याकडं हात उरला नव्हता, म्हणून मी बैलगाडीच्या चालीनं गेलो.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याऐवजी तिला विचारलं, "भाभी, आवाज आपको आता है ना? मग तुम्हीच सांगा, कसा आहे?"

ती म्हणाली, "रातकिडा कसा एकसारखा ओरडतो, तसा. पण चित्राबरोबर वर-खाली होतो."

"हौ," चाचा म्हणाले, जणू त्यांना आवाजाचं नाव-गाव कळलं. "रस्त्यावर बसून काय कळणार, मागं चला."

दुकानामागं त्यांची एक खोली होती, जुन्या टीव्हींच्या रिकाम्या खोक्यांनी भरलेली. दार लावलं की बाजार बाहेर राहायचा. त्यांनी डबा उघडून टेबलावर ठेवला, पडदा जोडला, माझा साचा पडद्यावर आणला. बायकोच्या हातात माऊस दिला आणि म्हणाले, "तुम्ही फिरवत राहा." मग गवंडी लोक पातळी बघायला वापरतात तसल्या नळीचा हातभर तुकडा काढला. एक टोक स्वतःच्या कानाला, दुसरं टोक डब्यात एकेका जागी. कार्डावर धरलं, मान हलवली. वरच्या पंख्यावर धरलं, मान हलवली. कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीजवळ धरलं आणि थांबले. घरातली वीज कॉम्प्युटरला सोसेल अशी करून देणारी ती पेटी, एसएमपीएस म्हणतात तिला.

"ये रोता है," ते म्हणाले. "कार्ड नवीन, भूक मोठी. पेटी जुनी. तिच्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तिच्यावर ओढ पडली की ती थरथरते. ती थरथर ऐकू येते भाभींना. लीजिए, तुम्हीपण ऐका."

बायकोनं नळी कानाला लावली, माऊस फिरवला आणि तिचा चेहरा उजळला. "हाच! हाच आवाज!" इतक्या दिवसांनी कुणीतरी तिच्या बोलण्यावर शिक्का मारला होता.

मग चाचांनी नळी मला दिली. मी कानात घातली. वाकलो. आत कुठूनतरी वारा वाहिल्यासारखी घरघर येत होती. मी डोळे बारीक केले, मान डोलावली आणि म्हटलं, "हो, येतोय की. चांगलाच येतोय."

मी वर बघितलं. बायकोचे दोन्ही हात पदराशी होते, ती कपाळाचा घाम पुसत होती. पडद्यावरचा साचा स्थिर होता.

"मी आत्ता फिरवत नव्हते," ती हळूच म्हणाली. तिचे ओठ बघून मला ते कळलं.

मला तिथून उठून जावंसं वाटलं. चाचांनी माझ्या हातातून नळी काढून घेतली, गुंडाळून खिळ्याला अडकवली, आणि मला स्टुलावर बसायची खूण केली. आवाज न चढवता, पण माझ्या समोर तोंड आणून ते बोलायला लागले.

"जुना डब्बा टीव्ही आठवतो? चालू केला की एक बारीक शिट्टी यायची, चित्र यायच्या आधी. जवान होतो तेव्हा मेरेकू रस्त्यावरून कळायचं, कुणाच्या घरात टीव्ही चालू आहे. चाळिशी आली आणि ती शिट्टी गेली. मी घाबरलो. मग समजलं, सबकी जाती है. फार वरचा सूर असतो तो. पण भाऊ, ही पेटी रडतेय तो सूर तेवढा वरचा नाही. मेरे जैसे बूढ़े को साफ आ रहा है. तुम्हाला यायला पाहिजे." थोडं थांबून म्हणाले, "काम कुठं करायचे तुम्ही आधी?"

"प्रेसवर," मी म्हटलं. "सतरा वर्षं."

त्यांनी फक्त मान हलवली. मग म्हणाले, "पेटी मी बदलून देतो, ते माझं काम. कान दाखवा एकदा. ते माझं काम नाही."

मी विचारलं, जुनीच पेटी उघडून ती गुंडाळी गोंदानं चिकटवून टाकता येणार नाही का. ते नाही म्हणाले. बंद केली तरी त्यातली वीज बराच वेळ आत बसून असते, झटका देते, आणि चिकटवलं तरी ओढ कमी होत नाही. त्यांनी जास्त ताकदीची एक पेटी टेबलावरच जोडून पाहिली. बायकोनं साचा फिरवला, नळी लावली, नळी काढली, आणि म्हणाली, "गेला." मग पुन्हा कान देऊन म्हणाली, "अगदी जवळ गेलं तर थोडासा आहे. पण हा चालेल."

येताना डबा जड होता की मी, कोण जाणे. औरंगपुऱ्यात उसाच्या रसाच्या गाडीपाशी तिनं खांद्यावर थोपटलं. थांबलो. डबा बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. तिनं अर्धा रस संपवला. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "मी स्वयंपाकघरातून हाक मारते, तेव्हा?"

"कधी कधी येते."

"आणि मी बोलत असते, तुम्ही मध्येच उठून जाता, तेव्हा?"

मला आठवेना मी कधी असा उठून गेलो ते. तेच मी सांगितलं. तिचे डोळे भरले, पण आधी ती चिडली. "मला वाटायचं माझ्या बोलण्यात तुम्हाला काही ऐकण्यासारखं वाटत नाही. म्हणून मी सांगायचंच सोडलं. किती गोष्टी सांगितल्या नाहीत तुम्हाला, माहिती आहे? आधी का नाही बोललात?"

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. हे पूर्ण खरं नव्हतं. मापं फोनवर सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, असं मी गिऱ्हाइकांना का सांगायचो? एकदा सात मिलीमीटरचं आठ ऐकून एक अख्खा साचा वाया गेला होता, तेव्हापासून. लग्नात, बारशात मी भिंतीला पाठ लावून का बसायचो? समोरचा माणूस दिसावा म्हणून. नांदेडला नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचा फोन आला की "बरी आहेस ना? आईला देतो," एवढंच मी का म्हणायचो? तिचा बारीक आवाज फोनवर मला नुसता चिवचिवल्यासारखा यायचा आणि तिला चार वेळा "काय?" विचारायची लाज वाटायची. हे सगळं मी रसाच्या गाडीपाशी बायकोला सांगितलं. सांगताना प्रत्येक गोष्ट मलाच नव्यानं कळत होती. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिला तर वाटतं बाबांना बोलायला आवडत नाही."

पुढच्या आठवड्यात कान तपासले. काचेच्या एका बंद खोलीत बसवून कानावर मोठे हेडफोन घातले, आवाज आला की बटण दाबायचं. बायको बाहेर बसली होती, काचेतून मला दिसत होती. बराच वेळ मी बटण दाबलंच नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलंय. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, बंद पडलेलं नव्हतं. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवला. डावीकडं, खालच्या सुरांपाशी, रेघ बरी होती, उजवीकडं, वरच्या सुरांपाशी, खाली उतरत गेलेली. त्यांनी विचारलं, "तुम्हाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. असंच ना?" इतक्या सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. स, श, फ, थ ही अक्षरं वरच्या पट्टीत असतात, त्या म्हणाल्या, तीच माझी गळत होती. बायकांचे आणि मुलांचे आवाजही तिथंच. प्रेसच्या दणदणाटात कानात घालायचे बोळे मिळायचे का, असं त्यांनी विचारलं. मिळायचे. आम्ही ते खिशात ठेवायचो. कानात घातले की शेजारच्याची हाक येत नाही, म्हणून.

गावी, देवगाव रंगारीला, हे सांगितलं तर थोरल्या भावाला पटेना. आमच्या घरात मेंढरं राखणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. बोलणं म्हणजे माळाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. "आमाला तर कदी वाटलं नाय," तो म्हणाला. "हितं तर तू समदं नीट ऐकतूस." ते खरंच होतं. तिथं सगळं ऐकू येतं म्हणून मी स्वतःला धडधाकट समजत आलो होतो.

कानात ऐकण्याची मशीनं बसवल्यावर पहिला आठवडा फार वाईट गेला. पिशवीची कुरकुर, ताटांची आदळआपट, स्वतःच्या चपलेचा आवाज. मी ती काढून खणात टाकली. बायकोनं पुन्हा काढून टेबलावर ठेवली. दिवसातून एक तास, मग दोन, असं करत सवय झाली. एका रविवारी मुलीचा फोन आला. बायको आत होती. मी नेहमीसारखा तिला हाक मारणार होतो, तेवढ्यात मुलीनं काहीतरी सांगितलं आणि मला ते समजलं. वॉर्डातल्या एका म्हातारीनं तिच्याकडून वेणी घालून घेतली होती. मी विचारलं, कोणत्या गावची होती? मग ती सांगत गेली. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. शेवटी तिनं विचारलं, "बाबा, आज आईला नाही दिला फोन?" मी म्हटलं, "देतो की, थांब जरा. तुझं आधी होऊ दे." बायको दारात उभी होती, हाताला पीठ. ती आत गेली नाही आणि फोनही मागितला नाही.

प्रेस शॉपमधल्या जुन्या दोघा-तिघांशी अजून माझं बोलणं आहे. मी त्यांना फोन करून सांगितलं, एकदा तपासून घ्या. त्यांनी हसण्यावारी नेलं. "म्हातारा झालास," म्हणाले. मग एकाच्या बायकोनं माझ्या बायकोला फोन केला आणि बराच वेळ दोघी बोलत होत्या. गेल्या महिन्यात मी त्याला घेऊन त्या तपासणीच्या ठिकाणी गेलो. बाहेरच्या बाकावर तो मला मोठमोठ्यानं सांगत होता, की त्याला काही झालेलं नाही, बायकोच्या समाधानासाठी आलोय. आतून त्याचं नाव पुकारलं गेलं. तो बोलतच राहिला. दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. मी त्याच्या दंडाला धरून म्हटलं, "चल, तुझा नंबर आला."